गाडी तीन इंच वर, ट्रॅव्हल मात्र कमी

इंदूरमधल्या एका दुहेरी केबिनच्या फोर बाय फोर पिकअपचं हे प्रकरण आहे. मालकाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. गाडीची कंपनी आणि पहिलं गॅरेज यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. आकडे माझ्या वहीतले आहेत.

पार्श्वभूमी

मालक तिशीतला. घर लोकमान्यनगरात, शेती मानपूरच्या बाजूला. आठवडाभर गाडी सोयाबीनचं बियाणं, पंप, पाइप वाहते. रविवारी चार मित्र सिमरोलच्या पुढे चोरलच्या बाजूला गाडवाटांनी हिंडायला जातात. विंध्याची कड असल्यामुळे खाली काळा दगड, वर काळी माती. पाऊस सरला की बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि एकेक चाकोरी गुडघाभर खोल असते. अशा वाटेवर इंजिनाचा जोर फारसा कामाचा नसतो. चारही चाकं जमिनीला टेकलेली राहिली तरच गाडी निघते.

या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं, आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा एक्सल, पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला. आपण पाटे म्हणतो, आमच्या इंदूरचा कारागीर 'कमानी' म्हणतो आणि एकेका पाट्याला 'पत्ता'. पाट्याचं पुढचं टोक चासीला पक्कं असतं. मागचं टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर असतं, कारण पाटा दाबला की सपाट होतो, त्याच्या दोन टोकांतलं अंतर वाढतं आणि त्या वाढीला जागा लागते. मूळ जुडग्यात कमानदार चार पाटे होते आणि खाली एक जाड, जवळजवळ सपाट पाटा. हा जाड पाटा फक्त भारी ओझ्याला हाताशी येतो.

मी पीथमपूरला सस्पेन्शनच्या कामात नोकरी केली, आता निवृत्त आहे. मालकाची आई आणि माझी बायको एकाच भजनी मंडळातल्या. "काका, एकदा गाडी बघा ना," एवढ्यावरून हे सुरू झालं.

अडचण

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर आधीच एक इलाज होऊन गेला होता. मूळ तक्रार अशी: खड्ड्यात मागून डावीकडे लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा 'ठक' आवाज यायचा. मालक एका गॅरेजमध्ये गेला. तिथल्या उस्तादांनी मागचा भाग दोनदा हाताने दाबला आणि निदान दिलं: "भिया, कमानी बैठ गई है. दो पत्ते और डाल देते हैं, साथ में लंबी शॅकल. तीन इंच उठ जाएगी." दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढले, शॅकल ५० मिलीमीटर लांब झाली, गाडी खरंच तीन इंच उठली. दिसायलाही रुबाबदार झाली, हे मलाही मान्य करावं लागलं.

पण त्यानंतर चार नव्या तक्रारी सुरू झाल्या. तिरप्या चाकोरीत पूर्वी जिथून गाडी निघायची, तिथे आता मागचं एक चाक हवेत लटकून गरगर फिरू लागलं. खड्ड्यातून वर येताना मागून निराळाच, वरच्या दिशेचा 'टक' ऐकू येई. साठ-सत्तरच्या वेगाला पायाखाली थरथर जाणवे. आणि सगळ्यात गंभीर, ओझं भरल्यावर मागचे ब्रेक ढिले वाटत.

मालकाने स्वतःच उत्तर काढलं होतं. मागचे शॉकअप आता आखूड पडताहेत, म्हणून चाक खाली पोचत नाही. लांब शॉकअपचा महागडा जोड त्याने बघून ठेवला होता, फक्त पैसे भरायचे बाकी होते. मी म्हटलं, "अरे, दोन दिवस थांब. आधी मोजू."

मोजमाप

'ट्रॅव्हल' म्हणजे एक्सल वरखाली किती सरकू शकतो ते अंतर. त्याचे दोन भाग असतात. गाडी उभी असताना एक्सल जिथे असतो तिथून वर, बंप स्टॉपच्या रबरापर्यंत (एक्सल चासीवर आपटू नये म्हणून लावलेला अडसर), आणि तिथून खाली, चाक लोंबकळेपर्यंत. गाडीची उंची हा वेगळा आकडा आहे. लोक हे दोन आकडे एकच धरतात आणि या प्रकरणाची बरीचशी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

इथे पहिली पंचाईत झाली. बदल करण्याआधी कुणीच काही मोजलेलं नव्हतं, त्यामुळे तुलना कशाशी करायची? योगायोगाने मालकाच्या देवासच्या मित्राकडे हुबेहूब तीच गाडी होती, मागचं काही न बदललेली. ती बोलावली.

दोन्ही गाड्या धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर नेल्या आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन घेतलं. मित्राच्या रिकाम्या गाडीचा मागचा एक्सल ८१० किलो, मालकाचा १०५०. म्हणजे 'रिकामी' म्हणवणारी गाडी २४० किलो वागवत होती: लोखंडी रॅक, पाण्याची टाकी, हत्यारांची पेटी, दुसरी स्टेपनी. "टाकी भरलेलीच असते का रे?" "हो काका, कधी लागली तर..." कधी लागली ते त्यालाही आठवेना.

मग मित्राच्या गाडीत सिमेंटच्या ५० किलोच्या पाच गोण्या टाकल्या, म्हणजे दोन्ही गाड्या साधारण एका वजनाला आल्या. गोण्यांनी ती २७ मिलीमीटर बसली. त्याच पाच गोण्या मालकाच्या गाडीत टाकल्यावर ती १८ मिलीमीटरच बसली. एका बाजूला १२५ किलो धरले तर मूळ पाटा मिलीमीटरला ४.६ किलो घेतो आणि वाढवलेला ६.९. दीडपट कडक. चाराचे सहा पाटे केले तर हेच व्हायचं. पाटे जाड घातले असते तर आणखी वाईट झालं असतं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ८ मिलीमीटरच्या जागी १० चा पाटा घातला की तो जवळपास दुप्पट कडक होतो.

त्यानंतर चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावून मागचा एक्सल लोंबकळू दिला. मोजमाप चाकाजवळ न घेता पाट्याच्या जागी, चासी आणि एक्सलच्या मध्ये घेतलं. मित्राची गाडी गोण्यांसह ११५ मिलीमीटर खाली गेली. मालकाची ६८ वर अडली.

इथवर मालकाचं म्हणणं खरं वाटत होतं. शॉकअप पूर्ण ताणलेला दिसत होता आणि तो वरच्या दिशेचा 'टक' म्हणजे शॉकअप शेवटाला लागल्याचाच आवाज होता. मग शॉकअपचे खालचे बोल्ट काढले. आता एक्सल मोकळा, जाईल तितका खाली जाऊ दे.

तो ७९ वर थांबला. फक्त ११ मिलीमीटरची कमाई.

मालक वाकून बघतच राहिला. त्याला कारण असं सांगितलं: उभ्या गाडीच्या वजनाने पाटा जितका दबलेला असतो, तितकाच तो स्वतःहून खाली ढकलू शकतो. त्यापुढे पाट्यात ताण उरत नाही, फक्त एक्सलचं स्वतःचं वजन त्याला थोडं ओढतं. मऊ पाटा गाडीच्या वजनाने जास्त दबतो म्हणून चाक जास्त खाली पाठवतो. कडक पाटा मुळातच कमी दबलेला असतो, त्याच्याजवळ खाली द्यायला काही शिल्लक नसतं. शॉकअप कितीही लांब आणला तरी पाटा जे देऊ शकत नाही ते तो आणणार कुठून?

आता वरची बाजू. रबरापर्यंतची मोकळी जागा मित्राच्या भरल्या गाडीत ६८ मिलीमीटर होती, मालकाच्या गाडीत १२८. कागदावर मालक ६० ने श्रीमंत. पण ती जागा वापरता येते का हे बघायला ओळखीच्या एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधला फोर्कलिफ्ट मिळवला. मागचं उजवं चाक हळूहळू उचललं, डावं जमीन सोडेपर्यंत. मित्राची गाडी रबराला आरामात टेकली. मालकाची ९८ वर थांबली आणि डावं चाक सुटलं. उरलेले ३० मिलीमीटर नुसतेच रिकामे. १२८ पूर्ण दाबायला त्या एका पाट्यावर जवळजवळ ८८० किलो जादा यायला हवेत. संथ चालीत, मागच्या एक्सलवर सगळं मिळून १०५० किलो असताना, ते येणार कुठून?

बेरीज अशी. मित्राची गाडी: वर ६८, खाली ११५, एकूण १८३. मालकाची: वर ९८, खाली ६८, एकूण १६६. त्यात कमी झालेला भाग सगळा खालचा. चाकोरीत चाक जमिनीला टेकलेलं ठेवतो तो हाच भाग.

बाकीच्या तक्रारी याच ओघात उलगडल्या. शॅकल ५० मिलीमीटर लांब झाल्याने पाट्याचं मागचं टोक तितकंच खाली आलं. पाटा टोकापासून टोकापर्यंत १२०० मिलीमीटर, म्हणजे एक्सल साधारण २.४ अंशांनी फिरला, त्याच्या पिनियनने (शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो ते टोक) नाक वर केलं आणि इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, कोन जुळेनासे झाले. तीच थरथर. ब्रेकचं कारण त्याहून छुपं होतं. या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब ओझ्याप्रमाणे कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह आहे, त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. चासी आणि एक्सल दूर गेले की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा दाब कमी करतो. गाडी उंच करताना दांडीला कुणी हात लावला नव्हता.

आणि मूळचा डावीकडचा 'ठक'? डाव्या बंप स्टॉपचं रबरच नव्हतं. कधीतरी तुटून पडलेलं, नुसता लोखंडी कप उरलेला. शिवाय दोन्ही शॉकअप तेल गळून कोरडे झाले होते. पाटे थोडे बसलेले होतेच, वर २४० किलोंचं कायमचं ओझं. उलटा हिशेब केला तर पूर्वी वरची जागा ५२ मिलीमीटरच उरत असणार. तेवढ्यातही रबर असतं तर लोखंडावर लोखंड आपटलं नसतं आणि बहुधा मालक गॅरेजमध्ये गेलाच नसता.

पर्याय

लांब शॉकअप हा पहिला पर्याय ११ मिलीमीटरवर निकालात निघाला. शिवाय एक्सल आणखी खाली गेला असता तर ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) ताणला गेला असता, तो आत्ताच कडक झालेला होता.

मालकाच्या एका मित्राने सुचवलं की जादा पाटे काढा, उंचीसाठी एक्सल आणि पाट्यांमध्ये लोखंडी गुटके घाला. पाटा मऊ राहील, उंचीही राहील. ऐकायला बरं. पण जोर लावताना एक्सल पाट्याला पिळतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. गुटक्याने पिळण्याची तरफ लांब होते. चोरलच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये हे होऊ द्यायचं नाही, यावर मी अडून बसलो.

तयार लिफ्ट किट हा मालकाचा लाडका पर्याय. चांगल्या किटमध्ये लांब, पातळ पाटे आणि त्यांना जुळणारे शॉकअप असतात, म्हणजे चूक सुधारली गेली असती. अडचण कायद्याची होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलापलीकडचे बदल नाकारले होते. ही गाडी शेतीचा माल घेऊन एबी रोडवरून रोज जाते. अपघात झाला आणि विमा कंपनीने मागचा भाग बघितला तर काय, हा प्रश्न मी विचारला. उत्तर त्याच्या आईने दिलं, आणि ते पुरेसं खणखणीत होतं.

उरला तो चौथा मार्ग, मूळ स्थितीला परतण्याचा. मालकाला हा पराभव वाटत होता. "काका, म्हणजे इतका खर्च केला आणि परत होतो तिथेच?" मी म्हटलं, तिथे नाही. तेव्हा रबर नव्हतं, शॉकअप मेलेले होते आणि पाण्याची टाकी होती.

काय केलं

जादा पाटे आणि लांब शॅकल काढली. जुडगं खोलल्यावर दिसलं की पाट्यांना एकत्र धरणाऱ्या पट्ट्या हातोडीने ठोकून आवळल्या होत्या. पाटे एकमेकांवर घसरायला हवेत. आवळले आणि मधे गंज धरला की छोट्या खड्ड्याला जुडगं हलतच नाही. पाटे घासून साफ केले, मधे ग्रॅफाइट ग्रीस लावलं, टोकाच्या चकत्या आणि बुश नवे घातले. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्टही नवे घेतले. ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरणं हा फाजील काटकसरीचा प्रकार आहे. दोन्हीकडे बंप स्टॉपची रबरं बसवली. शॉकअप नवे, पण मूळ मापाचेच. व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे लावली.

इथे एक निर्णय माझा होता आणि तो चुकला. जुने पाटे बसलेले होते. नवं जुडगं घ्यावं की जुन्यालाच पुन्हा कमान द्यावी? लोहामंडीत एक जुना कारागीर आहे, हात चांगला. मी म्हटलं, पैसे वाचतील. त्याने पाटे तापवून सुरेख कमान चढवली. पहिल्या दिवशी उंची बरोबर भरली. तीन महिन्यांत ती १४ मिलीमीटर बसली. पाट्याचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून तेलात विझवावं लागतं आणि पुन्हा मोजून तापवून नरम करावं लागतं, तेव्हाच कमान टिकते. भट्टीवर अंदाजाने तापवलेल्या पाट्यात ती ताकद राहत नाही. इतकी वर्षं हेच काम करून मी हे विसरलो, कारण पैसे मालकाचे होते आणि वाचवण्याचा मोठेपणा मला हवा होता. शेवटी नवं जुडगं घेतलं. आधीचा खर्च वाया गेला.

वजनावर सगळ्यात जास्त वाद झाला. टाकी आणि दुसरी स्टेपनी निघाली, ११० किलो कमी झाले. रॅक काढायला मालक तयार झाला नाही. तो फोटोत दिसतो म्हणे.

निष्पत्ती

नव्या पाट्यांवर, उरलेल्या सामानासह, मोजमाप असं आलं: वर ८१, खाली १०४, एकूण १८५. यू-बोल्ट हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळले, प्रत्येकी थोडे ढिले निघाले. थरथर गेली, ब्रेक जागेवर आले.

चोरलच्या त्याच चाकोरीत दिवाळीनंतर पुन्हा गेलो. पहिल्या दोन तिरप्या उतारांत मागचं चाक जमिनीला धरून राहिलं. तिसऱ्यात सुटलंच. मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) नसलेल्या पिकअपचं एक चाक सुटलं की मागची ताकद त्या चाकाच्या गरगर फिरण्यात वाया जाते, आणि १८५ मिलीमीटर ट्रॅव्हलला तो खड्डा मोठाच होता. चाकाखाली दगड रचून गाडी काढली.

तोटेही झाले. मागचा भाग आता खाली आल्याने ओढणीचा हूक दोन ठिकाणी जमिनीला घासला. आणि गाडी पूर्वीसारखी दिसत नाही ही तक्रार मालक अजून करतो, फक्त आईसमोर करत नाही.

आज करायचं तर

पहिल्याच दिवशी, कुठलाही बोल्ट न सोडता, मी चार आकडे लिहून घेतले असते: रबरापर्यंतची जागा, लोंबकळणारं अंतर, शॉकअपची उभी लांबी आणि काट्यावरचं मागचं वजन. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. आम्हाला देवासची गाडी मिळाली हे नशीब.

शॉकअपचा खालचा बोल्ट काढून बघण्याची चाचणी मी सगळ्यांच्या आधी केली असती. पाना आणि जॅक लागतो, बाकी काही नाही. मूळ गॅरेजला मी फार दोष देत नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ गाड्या खरंच ओझ्याने बसलेल्या असतात आणि त्यांना पाटेच वाढवून हवे असतात. पण डावीकडून आवाज येतो म्हटल्यावर कुणीतरी खाली वाकून डावीकडे बघायला हवं होतं.

रॅकच्या बाबतीत मी लवकर माघार घेतली. ते वजन गेलं असतं तर मागचा भाग थोडा आणखी वर राहिला असता आणि कदाचित हूक घासला नसता. दुसरं म्हणजे पुढच्या सस्पेन्शनला मी हातच लावला नाही. ते स्वतंत्र आणि आखडलेलं असल्याने तिरप्या वाटेवर पिळाचं सगळं काम मागच्या एक्सलवर पडतं. तिसऱ्या उतारात चाक सुटलं त्यात पुढच्याचा वाटा किती, हे फोर्कलिफ्ट परत मिळाला की पुढचं चाक उचलून मोजायचं आहे. कोल्ड स्टोरेजवाले म्हणतात, बटाटा आत गेल्यावर या.